मुलगी खो-खो खेळते, सहामाहीला गणितात मार्क गेले. खेळ बंद करावा का?

कातळावरची सुरंगी

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही राजापूर तालुक्यात राहतो. मुलगी नववीत आहे, शाळा घरापासून साडेचार किलोमीटरवर. सहावीपासून ती खो-खो खेळते. यंदा त्यांचा 17 वर्षांखालील मुलींचा संघ तालुक्याला पहिला आला, मग जिल्ह्यालाही पहिला आला. आता विभागीय स्पर्धेला सांगलीला जायचंय. शाळेचा पट एवढासा. बारा मुली जमवताना सरांना घरोघरी जाऊन आयांची समजूत काढावी लागली होती, आणि त्या पोरी जिल्हा जिंकून आल्या. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दोन्ही गुडघे सोललेले होते, ओठ फुटलेला होता आणि जेवता जेवता ती बोलायची थांबत नव्हती.

दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर मिळाले. गणित भाग एकला 40 पैकी 17. आठवीला हीच मुलगी वर्गात दुसरी होती. वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, पुढचं वर्ष दहावीचं, आता खेळ पुरे. सासूबाईंचंही तेच म्हणणं. मिस्टर मुंबईला असतात, ते फोनवर म्हणाले, तू तिथे आहेस, तू ठरव.

आमच्याकडे निकालाचं दडपण कसं असतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण बोर्ड दहावीला राज्यात दरवर्षी पहिलं. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82, तेव्हा राज्याचा निकाल होता 94.10. त्यामुळे पास झालीस का, असं इथे कुणी विचारतच नाही. नव्वदच्या वर किती, तेवढंच विचारतात. माझ्या डोक्यातही तोच आकडा बसलाय, खोटं कशाला बोलू.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. ज्यांची मुलं खेळून दहावी झाली, किंवा ज्यांनी खेळ बंद केला, त्यांनी खरं खरं सांगा. सांगलीला पाठवू की नको?

खाडीपलीकडे

ताई, बंद करा. मी मुलाची कबड्डी नववीच्या मे महिन्यातच बंद केली. दहावी एकदाच येते. खेळ काय, नंतरही खेळता येतो. आपल्याकडे ना मैदान, ना कोच, विभागाला गेलं की समोर कोल्हापूर-सांगलीची तालमीत वाढलेली पोरं. तिथून पुढे किती जण जातात?

निवृत्त पीटी

सुरंगीताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात 31 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. तुमच्यासारख्या आया दरवर्षी दिवाळीनंतर यायच्या, म्हणजे बरोबर सहामाहीचे पेपर हातात पडले की. त्यांना मी एकच काम सांगायचो, तेच तुम्हाला सांगतो. तो 17 मार्कांचा पेपर समोर घ्या आणि मार्क कुठल्या धड्याचे गेले ते बघा. एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही. मग शाळेच्या हजेरीवरून ती कुठल्या दिवशी नव्हती ते काढा, आणि वर्गातल्या एखाद्या नियमित मुलीच्या वहीत त्या तारखांना काय शिकवलंय ते बघा. तारखा लिहिलेल्या असतात.

खेळामुळे अभ्यास बिघडतो असं म्हणताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. रोजचा सराव वेगळा आणि स्पर्धेसाठी बुडालेले दिवस वेगळे. सराव तासाभराचा असतो. स्पर्धा मात्र दिवसच्या दिवस घेते. तालुक्याचा एक, जिल्ह्याचे दोन, आधी सरावाला मोकळे सोडलेले दोन-तीन, पावसामुळे पुढे ढकललेल्या स्पर्धेचा फुकट गेलेला एक. आमचे दोन्ही जिल्हे खेळासाठी कोल्हापूर विभागात, म्हणजे विभागीय म्हटली की घाट चढणं आलंच. राजापूरवरून अणुस्कुरा घाटाने जा नाहीतर रत्नागिरीवरून आंबा घाटाने, जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. आणि शालेय स्पर्धांचे हे महिने म्हणजे नेमके ऑगस्ट ते नोव्हेंबर. याच काळात शाळेत अर्धा अभ्यासक्रम उरकतात. त्यातून गणपतीची सुट्टी वजा करा.

हे दिवस शाळेच्या नावाने बुडतात. शाळेच्या फळ्यावर अभिनंदन लागतं. पण बुडालेला धडा त्या पोरीला पुन्हा शिकवायची जबाबदारी कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी क्रीडाशिक्षक म्हणून स्वतः हे फार उशिरा शिकलो. पहिली दहा-बारा वर्षं मुलांना ढाल जिंकून आणली की माझं काम झालं असं मला वाटायचं. त्यातल्या काही मुलांचं माझ्यामुळे नुकसान झालं आणि ते मला आजही खुपतं.

मालवणी माणूस

चेडवाक खेळूक दे गो. घरात बसवलंस म्हणान ती अभ्यास करतली असा कोणी सांगल्यान? माझो झिल घरात बसान मोबाइल बघी. पेपर काढून बघ सर सांगतत तसो.

आकडे आणि माणसं

मी मूळची वेंगुर्ल्याची, सध्या पुण्यात सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. या विषयावरचं संशोधन कामासाठी वाचलंय, म्हणून थोडं लिहिते.

खेळणाऱ्या मुलांचे मार्क सरासरीने चांगले असतात, असं बऱ्याच देशांत दिसतं. पण त्यावरून खेळामुळे मार्क वाढले असं म्हणता येत नाही. ज्या घरात खेळाचे बूट घ्यायला पैसे आहेत त्या घरात क्लासलाही पैसे असतात. शिवाय शाळाच हुशार आणि शिस्तीच्या मुलांना संघात घेते. त्यामुळे नुसती तुलना फसवते.

मला जास्त भरवशाची वाटते ती अमेरिकेतली एक पाहणी. तिथे 1972 साली टायटल नाइन हा कायदा झाला आणि शाळांना मुलींनाही खेळाची संधी देणं भाग पडलं. त्याआधी हायस्कूलमध्ये 27 पैकी एक मुलगी खेळायची, सहा वर्षांत चारातली एक खेळू लागली. कायद्याने सगळीकडे एकदम दार उघडलं, पण वाढ प्रत्येक राज्यात सारखी नव्हती, म्हणून राज्याराज्यांची तुलना करता आली. बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 2010 मध्ये ती केली. मुलींचा खेळातला सहभाग 10 टक्के-अंकांनी वाढला तिथे मुलींचं कॉलेजला जाण्याचं प्रमाण साधारण 1 टक्का-अंकाने वाढलं, आणि पुढे नोकरी करण्याचं प्रमाणही वाढलं. 1 हा आकडा लहान वाटेल, पण दिशा बघा. खेळल्यामुळे मुली शिक्षणातून मागे पडल्या नाहीत, पुढेच गेल्या.

दुसरी इलिनॉयमधली, 2014 ची. सात ते नऊ वर्षांच्या 221 मुलांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नऊ महिने रोज शाळा सुटल्यावर पळापळीचे खेळ, दुसऱ्याला नाही. खेळणाऱ्या गटाचं लक्ष एकाग्र ठेवणं आणि एका कामातून दुसऱ्यात मन वळवणं जास्त सुधारलं. ही मुलं लहान होती आणि मोजलं ते लक्ष, परीक्षेचे मार्क नव्हेत. तेवढ्यापुरतंच ते धरा.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. जगातल्या 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलांची ती होत नाही, मुलींमध्ये तर 85 टक्के. सुरंगीताई, तुमची मुलगी त्या उरलेल्या पंधरांमधली आहे. हे हातचं सोडताना दहादा विचार करा.

फळा आणि डस्टर

मी माध्यमिकला गणित शिकवतो. इथे सगळे खेळाच्या बाजूने बोलतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

खेळून आलेलं मूल शेवटच्या तासाला पेंगतं. हे मी रोज बघतो. सकाळी सातला सराव, डब्यात दोन पोळ्या किंवा भात, ऑक्टोबरचं ऊन, आणि तीन वाजता मी प्रमेय शिकवतोय. त्याला झोप आली तर चूक कुणाची? त्यात गणिताची साखळी असते. एक कडी तुटली की पुढचं सगळं लोंबकळतं. इतिहासाचा धडा घरी वाचता येतो, बहुपदी घरी वाचून येत नाही.

माझ्या मते पासाची अट असावी. चाचणीत ठरावीक मार्क नसतील तर पुढच्या स्पर्धेला नाव नाही. टेक्सासमध्ये 1984 पासून असा कायदाच आहे, 70 च्या खाली गेलं की काही आठवडे खेळ बंद.

निवृत्त पीटी

सर, पेंगण्याचं अगदी बरोबर. सकाळच्या सरावानंतर पोटात काही गेलंच पाहिजे. मी शेवटी शेवटी पालकांकडून भिजवलेले चणे आणि गूळ आणवायचो, तेवढ्याने फरक पडायचा.

पण पासाची अट इथे कशी लावणार? जे पोर फक्त खेळासाठी शाळेत टिकून आहे त्याचंच नाव आधी कापलं जाईल. माझ्याकडे असा एक मुलगा होता, वडील ट्रॉलरवर. एका चाचणीत नापास झाला म्हणून मुख्याध्यापकांनी संघातून काढला. दुसऱ्या आठवड्यापासून तो शाळेतच येईना. बंदरावर जाऊन आणला मी त्याला परत, मासळीच्या टोपल्या उतरवत होता.

आणि शिक्षकाचं म्हणाल तर मुळात क्रीडाशिक्षक आहेत कुठे? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक द्यायचा तो पट 100 च्या वर असेल तर. आपल्या वाड्यावस्त्यांतल्या शाळांत 100 पट कुठून आणायचा? मराठीचे किंवा भूगोलाचे सर पीटी बघतात, नाहीतर तो तास सर तुमच्याकडेच येतो, गणिताला.

फळा आणि डस्टर

येतो. मी घेतोही. दहावीला तर हक्काने घेतो.

खो देणारी

हा धागा वाचून राहवलं नाही. मी गुहागर तालुक्यातली, शाळेत चार वर्षं खो-खो खेळले, आता मुंबईत सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे.

मुली नववीला खेळ सोडतात त्याचं कारण अभ्यास असतं असं सगळे म्हणतात. माझ्या संघातल्या सात जणींनी नववीत सोडला, त्यांतल्या फक्त दोघींचं कारण अभ्यास होतं. बाकीच्यांचं सांगते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण आमची गाडी साडेपाचला सुटायची आणि सराव सहाला संपायचा. ती चुकली की रानातून चालत, पावसाळ्यात तर अंधार लवकर. स्पर्धेच्या मैदानावर कपडे बदलायला जागा नसायची, एकमेकींना ओढणी धरून उभ्या राहायचो. पाळीच्या दिवसांत सूर मारायची भीती वाटायची, ते सांगायचं कुणाला, सर पुरुष. आणि घरी येणारी बाई हमखास म्हणायची, एवढी मोठी झाली नि अजून हाफ पँटीत धावते?

मी टिकले त्याचं कारण माझी आई. ती रोज सहाला बॅटरी घेऊन शाळेच्या घाटीपर्यंत यायची. घाटीत आम्ही बोलायचो नाही फारसं, ती पुढे, मी मागे. दहावीला मला 78 टक्के पडले. खेळले नसते तर 82 पडले असते का? असतीलही. पण आज बारा तासांच्या ड्यूटीत एकाच वेळी तीन पेशंट बिघडतात तेव्हा माझे पाय थरथरत नाहीत. खो-खोत तीन गडी आत असतात, समोरचीचा खांदा कुठे वळतोय ते बघत निमिषात ठरवायचं असतं. ते अंगात राहिलंय.

ताई, तिला विचारा. तिला न विचारता ठरवू नका एवढीच विनंती. आणि जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघंही जिंकली, तो सामना तिच्याबरोबर बसून बघा.

कातळावरची सुरंगी

सगळ्यांची आभारी आहे. चार दिवस लिहायला जमलं नाही, भात झोडणी चालू आहे.

सरांनी सांगितलं तसं केलं. रात्री जेवणं झाल्यावर पेपर घेऊन बसले. आधी ती घाबरली, तिला वाटलं मी ओरडणार. मग मी तिच्या मैत्रिणीची वही मागून आणली आणि दोघींनी मिळून तारखा लावल्या.

तिची सहामाहीपर्यंतची गैरहजेरी अकरा दिवस. त्यातले नऊ खो-खोचे, दोन तापाचे. त्या नऊपैकी सहा दिवस सलग बहुपदीचे. मैत्रिणीच्या वहीत संश्लेषक भागाकार, शेष सिद्धांत, अवयव सिद्धांत, सगळं त्याच तारखांना. माझ्या मुलीच्या वहीत तिथे चार कोरी पानं, वर पेन्सिलीने लिहिलेलं, "नंतर उतरवणे".

आणि पेपरात? संचाचे सगळे बरोबर. वास्तव संख्यांचे दोन मार्क गेले, बेरजेच्या चुकीने. बहुपदीचे सगळेच्या सगळे प्रश्न कोरे. चुकलेले नाहीत, सोडवायला घेतलेच नव्हते. रेषीय समीकरणांचं एक उदाहरण अर्धवट. भूमितीचा पेपर मी नीट बघितलाच नव्हता, त्यात 40 पैकी 33 आहेत.

मी विचारलं, सरांना का नाही विचारलंस? तर म्हणाली, सर वर्गात म्हणाले होते, खेळाडूंनी आपलं आपण भरून काढायचं, मी कुणासाठी मागे जाणार नाही. म्हणून ती गप्प बसली. शाळेचं नाव मी लिहीत नाही, सरांवरही माझा राग नाही, त्यांच्याकडे चार वर्ग आहेत. पण नऊ दिवस ती शाळेसाठीच गेली होती ना? माझी मुलगी आळशी झाली असं तीन आठवडे मी मनात धरून होते. ते आठवलं की पोटात तुटतं.

मग तिला सरळ विचारलं, तुला काय करायचंय. ती म्हणाली, "सांगलीला जायचंय. आणि बहुपदी शिकायचंय."

फळा आणि डस्टर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझ्या वर्गातल्या दोन मुलांची नावं डोळ्यासमोर आली. तेच वाक्य मीही बोललोय, जवळपास त्याच शब्दांत.

बहुपदी तीन बैठकांत होतो. आधी आठवीतले अवयव पक्के करून घ्या, मग संश्लेषक भागाकार, मग शेष सिद्धांत. क्रम बदलू नका. गावात बीएससी झालेलं कुणी असेल तर त्यांच्याकडे दोन रविवार पाठवा. मी माझ्या शाळेत सोमवारपासून मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं कबड्डीच्या मुलांना देतोय. मागच्या अटीबद्दल सरांचं मला पटलं. नाव कापण्यापेक्षा बुडालेला तास भरून देणं सोपं आहे.

निवृत्त पीटी

ताई, फार बरं वाटलं.

एक कामाची गोष्ट. विभागीय खेळली, पुढे राज्याला गेली, तर प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपा आणि झेरॉक्स वेगळी ठेवा. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, स्तर जितका वरचा तितके जास्त. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे मुदतीत जावा लागतो. शाळा विसरल्यामुळे पोरांचे गुण गेलेले मी बघितलेत, म्हणून दहावीच्या डिसेंबरपासून तुम्ही स्वतः विचारत राहा. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षणही आहे, पण त्यासाठी कामगिरी बरीच वरची लागते, तालुका-जिल्हा खेळून ते मिळत नाही. पालकांना नोकरीची खोटी आशा दाखवून मुलं मैदानावर आणू नयेत, असं माझं मत आहे.

कातळावरची सुरंगी

सांगलीहून काल रात्री आल्या. पहिली मॅच जिंकल्या, दुसरी सांगलीच्याच संघाशी दोन गुणांनी हरल्या. येताना घाटात गाडीत सगळ्या रडल्या म्हणे, मग मलकापूरला वडापाव खाल्ल्यावर गायला लागल्या.

शाळेचे चार दिवस बुडाले. या वेळी जाण्याआधीच मी वर्गशिक्षिकांना भेटले आणि त्या चार दिवसांत काय काय होणार ते लिहून घेतलं. बाई आधी जरा नाराज होत्या, पण त्यांनी लिहून दिलं, आणि विज्ञानाच्या सरांनी तर आपणहून दोन पानं टिपण काढून दिलं. गणितासाठी शेजारच्या वाडीतली एक मुलगी रविवारी शिकवतेय, बीएससी शेवटच्या वर्षाला आहे. संश्लेषक भागाकार झाला. काल रात्री दमून आलेली असूनही तिने मला करून दाखवला, मला त्यातलं काही कळलं नाही, पण उत्तर मागच्या पानाशी जुळलं.

सासूबाई अजून बोलत नाहीत. गुडघ्याला हळद मात्र त्यांनीच लावली.

खो देणारी

दोन गुणांनी! सांगलीशी! तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

खाडीपलीकडे

सुरंगीताई, पहिला प्रतिसाद माझा होता. तो मागे घेतो म्हणायला आलोय.

मुलाची कबड्डी बंद केली तेव्हा त्याला 81 टक्के होते. दहावीच्या सराव चाचणीला 79 आहेत. संध्याकाळचा वेळ मिळाला, पण तो अभ्यासात गेला नाही. घरात बोलणं कमी झालंय, जेवताना मान खाली. तुमचा धागा मी रोज वाचत होतो. काल त्याला विचारलं, परत खेळायचंय का? तर म्हणाला, आता संघ ठरलाय, यंदाच्या स्पर्धाही संपल्या.

पीटी सर, मार्चमध्ये तो सोळा पूर्ण करेल. त्याला पुढे शालेय स्पर्धेत खेळता येईल का, की वय निघून गेलं?

निवृत्त पीटी

अजिबात निघून गेलेलं नाही. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन गट असतात, अकरावी-बारावीची मुलं 19 खालीलमध्ये खेळतात. परीक्षा संपली की प्रवेशाआधी दोन-तीन ज्युनियर कॉलेजांत चौकशी करा, कबड्डीचा संघ कुठे उतरतो ते विचारून मगच अर्ज भरा. तोपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला पळू दे. गावातली मोठी मुलं खळ्यात खेळत असतील तर तिथे जाऊ दे. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा.

खाडीपलीकडे

खेळतात, देवळामागच्या मळ्यात. आज सांगतो त्याला.